स्ट्रॉबेरीचं व्हिनेगर सरबत आठ दिवसांत फसफसतं, झाकण उडतं : तीन उन्हाळे गेल्यावर सापडलेलं कारण

वाईला माहेर आहे माझं, त्यामुळे पाचगणी-भिलारकडची स्ट्रॉबेरी सीझन संपत आला की पेटीनं आमच्याकडे सांगलीला येते, बारीक, लालभडक, जॅमला घालतात तसली, आणि सांगलीच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात ती दोन दिवसांत वापरावीच लागते नाहीतर गेली. जॅम झाला, क्रश झाला, तरी दोन-तीन किलो उरतेच. त्याचं तीन वर्षांपूर्वी मी व्हिनेगर सरबत करायला घेतलं. म्हणजे फळ, साखर आणि व्हिनेगर एकत्र मुरवायचं, गाळून बाटलीत भरायचं आणि उन्हातून आलेल्या माणसाला दोन मोठे चमचे गार पाण्यात नाहीतर सोड्यात घालून द्यायचं. इंग्रजीत याला श्रब म्हणतात, तो शब्द आपल्या सरबताच्याच घराण्यातला, अरबीतून तिकडे गेलेला. इराणात सिकंजबीन करतात तेही हेच, सिरका अधिक अंगबीन, अंगबीन म्हणजे मध. शिरका हा शब्द आपल्याकडेही आहेच, त्यामुळे हे पेय कुठून तरी लांबून आलंय असं मला कधी वाटलं नाही. चव आंबटगोड, घशाला थंड वाटणारी, आणि स्ट्रॉबेरीचा वास असा राहतो की जॅममध्येसुद्धा तेवढा राहत नाही.

पण दरवर्षी तेच व्हायचं. पहिले पाच-सहा दिवस सुरेख, मग गळ्याशी बारीक बुडबुडे, मग वर पांढरट साय, आणि आठव्या-नवव्या दिवशी झाकण फुगून फट्ट. पहिल्या वर्षी रात्री अकराला स्वयंपाकघरात आवाज झाला, जाऊन बघते तर भिंत गुलाबी, फरशी चिकट, सासूबाई घाबरून उठल्या. दुसऱ्या वर्षी तेच आणि तिसऱ्या वर्षीही तेच, फार तर थोडं उशिरा. ज्यांचं असंच होतंय त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण मला जिथे तिथे एकच उत्तर मिळायचं, "बाटली नीट वाळवली नसेल", आणि त्या उत्तरामागे माझे दोन उन्हाळे गेले.

आधी एक महत्त्वाचं. तुमच्याकडे आत्ता अशी फुगलेली काचेची बाटली असेल तर ती हातात धरून झाकण पिरगाळू नका. आतमध्ये गॅस दाबून बसलेला असतो आणि काच फुटू शकते. बाटलीवर जाड टॉवेल टाकून ती तशीच उभी फ्रीजमध्ये ठेवा, चार-पाच तास गार होऊ दे, गार झाल्यावर गॅस द्रवात विरघळतो आणि दाब कमी होतो, मग सिंकमध्ये ठेवून टॉवेलसकट थोडं थोडं झाकण सैल करा, तोंड लांब ठेवा. लहान पोरांना तिथे उभं करू नका.

आता मी काय काय करून बघितलं ते. दुसऱ्या वर्षी बाटल्या उकळत्या पाण्यात वीस मिनिटं ठेवल्या, गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या, गाळणी, चमचे, फडकं सगळं उकळून घेतलं, स्ट्रॉबेरी धुऊन पंख्याखाली पसरून एकेक पुसली. तरीही दहाव्या दिवशी बुडबुडे. मग वाटलं सांगलीची उष्णता, इथे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, स्वयंपाकघर तर दुपारी भट्टीच, म्हणून उरलेलं सगळं फ्रीजमध्ये घातलं. त्यानं फरक पडला, तीन आठवडे काढले, पण शेवटी तिथेही फसफसलंच, फक्त हळू. तिसऱ्या वर्षी पुतणी बारावी सायन्सला होती, तिनं पीएचच्या, म्हणजे आंबटपणा मोजायच्या पट्ट्या आणून दिल्या. पट्टी बुडवली तर तीनच्या आसपास रंग आला, म्हणजे चांगलंच आंबट, त्यामुळे मला वाटलं आता काय होतंय याला. झालं. बाराव्या दिवशी झाकण वर.

पीएचनं मला फसवलं असं म्हणणार नाही, मी त्याचा अर्थ चुकीचा घेतला. पीएच कमी असला की घातक जंतू वाढत नाहीत हे बरोबर आहे. पण हे जे फसफसवणारं आहे ते यीस्ट, म्हणजे साखर खाऊन गॅस सोडणारा सूक्ष्मजीव, आणि यीस्टला आंबटपणाचं काही वाटत नाही, द्राक्षाच्या रसाचा पीएच तीन-साडेतीनच असतो आणि त्याची वाईन होतेच की. यीस्टला रोखतं ते ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं खरं ॲसिड, ते यीस्टच्या पेशीत शिरतं आणि तिचं काम बंद पाडतं, आणि त्यासाठी ते पुरेशा प्रमाणात असावं लागतं. स्ट्रॉबेरीचं किंवा लिंबाचं स्वतःचं आंबट हे मुख्यतः सायट्रिक ॲसिड, ते पट्टीवर दिसतं, जिभेला लागतं, पण यीस्टला त्यानं फारसं अडत नाही.

मग कळलं कसं, तर नणंदेमुळे. ती साताऱ्याला असते, त्या वर्षी आम्ही दोघींनी एकाच दिवशी एकाच स्टॉलवरून पेट्या घेतल्या होत्या आणि दोघींनी त्याच आठवड्यात सरबत घातलं. माझं गेलं. तिला फोन केला तर म्हणाली, "वहिनी, माझं तर अजून तसंच आहे, काल पाहुण्यांना दिलं." मी आधी म्हटलं सातारा जरा गार, म्हणून असेल. पण तिच्या घरीही उन्हाळ्यात काही कमी उकडत नाही. मग दोघींनी फोनवर मापं जुळवली. ती तीनही गोष्टी काट्यावर सारख्या घेते, एक किलो फळ, एक किलो साखर, एक लिटर व्हिनेगर. मी वाटीनं करायचे, चार वाट्या फळाला एक वाटी साखर, एक वाटी व्हिनेगर, कारण एवढी साखर घालायचा धीर होत नव्हता आणि व्हिनेगरचा वास फार येऊ नये असं वाटायचं.

त्या रात्री वही घेऊन बसले आणि हिशोब केला, तो इथे देते कारण सगळं त्यातच आहे. स्ट्रॉबेरी म्हणजे शंभरातले नव्वद भाग पाणी. एक किलो फळातून गाळून साधारण ८०० मिली रस येतो असं धरा. माझ्या मापानं त्यात २५० ग्रॅम साखर, ती विरघळली की दीडशे मिलीची जागा घेते, आणि २५० मिली व्हिनेगर. एकूण झालं १२०० मिली. व्हिनेगर चार टक्क्यांचं, म्हणजे २५० मिलीत १० ग्रॅम ॲसेटिक ॲसिड. ते १२०० मिलीत पसरलं की राहतं जेमतेम ०.८ टक्के. मी व्हिनेगर सरबत करत नव्हते, मी स्ट्रॉबेरीच्या रसाला व्हिनेगरचा वास लावून ठेवत होते, आणि सोबत यीस्टला आवडेल एवढीच साखर. नणंदेचं बघा, ८०० मिली रस, एक किलो साखरेचे सहाशेवीस मिली, एक लिटर व्हिनेगर, एकूण २४०० मिलीच्या आसपास, ॲसिड ४० ग्रॅम, म्हणजे १.६५ टक्के. माझ्या दुप्पट. शिवाय साखर चाळीस टक्क्यांच्या वर, आणि एवढ्या साखरेत यीस्टला पाणी कमी मिळतं, मुरांबा टिकतो तो याहूनही जास्त साखरेमुळे. ॲसिड आणि साखर दोन्ही मिळून राखण करतात. एक कमी केलंत तर दुसरं वाढवावं लागतं, मी दोन्ही कमी केलं होतं.

सासूबाईंना हे सांगितलं तर त्या एकदम म्हणाल्या, "अगं, लोणच्याला मीठ चवीनं घालतं का कोणी? मापानं घालतात, नाहीतर बुरशी येते." चाळीस वर्षं त्या कैरीचं लोणचं घालतायत, एकदाही बिघडलेलं मी बघितलं नाही. मला हे त्यांना पहिल्याच वर्षी विचारायला हवं होतं.

दुसरी चूक, ती मापाइतकीच मोठी. जवळजवळ सगळ्या रेसिपींत लिहिलेलं असतं की फळ आणि साखर एकत्र करून एक-दोन दिवस ओट्यावर ठेवा, रस सुटू दे, मग व्हिनेगर घाला. ज्यांनी ते लिहिलंय त्यांच्या स्वयंपाकघरात वीस अंश असतात. आमच्याकडे अडतीस. फळाच्या सालीवर यीस्ट आधीपासून असतंच, धुऊन जात नाही, त्याला साखरेचा पातळ पाक आणि ऊब मिळाली की चोवीस तासांत ते कामाला लागतं, आणि नंतर व्हिनेगर घालेपर्यंत त्याची फौज तयार झालेली असते. एकदा संख्या वाढली की तेवढ्याच ॲसिडनं ते मरत नाही. आता मी फळ आणि साखर कालवून भांडं थेट फ्रीजमध्ये ठेवते, दुसऱ्या दिवशी रस सुटलेला असतोच, लगेच व्हिनेगर घालते. घाई असेल तर फळ, साखर, व्हिनेगर तिन्ही पहिल्याच दिवशी एकत्र, त्यानंही चवीत मला तरी फार फरक वाटला नाही.

मुरताना साखर तळाशी बसते आणि फोडी वर तरंगतात, हेही बघा. वरच्या इंच-दीड इंचात साखर कमी, आणि फोडी हवेत डोकं काढून बसलेल्या, तिथूनच सुरुवात होते. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्यानं तळापासून हलवायचं आणि वर छोटी बशी दाबून ठेवायची म्हणजे फोडी बुडालेल्या राहतात. लोणच्यात फोडी खाराच्या वर राहता कामा नये म्हणतात ना, अगदी तेच. चार-पाच दिवस फ्रीजमध्ये मुरलं की गाळायचं, पिळायचं नाही, फडक्यात बांधून टांगून ठेवायचं, पिळलं की गाळ उतरतो आणि सरबत गढूळ होतं. गढूळ झालं म्हणून बिघडलं असं नाही हां, तळाला बसणारा मऊ गाळ फळाचाच असतो, निवळून वरचं घ्यायचं.

व्हिनेगर किती कडक आहे ते बघा

हे मी सगळ्यात उशिरा शिकले. आपल्याकडे नियमाप्रमाणे व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसेटिक ॲसिड असावं लागतं, किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर चार टक्क्यांच्या आसपास असतं, आणि बाहेरच्या रेसिपी पाच टक्के धरून लिहिलेल्या असतात. एका टक्क्याचा फरक वाटतो छोटा पण आहे तो पाचवा हिस्सा. लेबल वाचा, टक्केवारी लिहिलेली असते, आणि सिंथेटिक आहे की फर्मेंट केलेलं तेही लिहिलेलं असतं. सिंथेटिकनं टिकाऊपणात काही कमी पडत नाही, पण त्याचा वास नाकात जातो आणि मागे काही चव राहत नाही. सफरचंदाचं किंवा उसाचं फर्मेंट केलेलं असेल तर पेय गोलसर लागतं. मी अर्धं-अर्धं घेते, खर्चही आवाक्यात राहतो.

आता घरगुती शिरक्याचं. आमच्या एका नातेवाइकांकडे उसाच्या रसाचा शिरका करतात, फार सुंदर वास, दुसऱ्या वर्षी मी तोच वापरला होता आणि मनात होतं की घरचा म्हणजे जास्त कडक असणार. तो किती कडक आहे हे मोजायची युक्ती पुतणीनं सांगितली, कॉलेजच्या लॅबमध्ये टायट्रेशन करतात तीच, पण सगळं घरातलं. पानाचा चुना चमचाभर घेऊन लिटरभर पाण्यात ढवळायचा, झाकून रात्रभर ठेवायचा, सकाळी वरची स्वच्छ निवळी काढून घ्यायची. काचेच्या कपात १ मिली व्हिनेगर, थोडं पाणी आणि चिमूटभर हळद. मग सुई नसलेल्या सिरिंजनं निवळी थोडी थोडी घालत हलवत राहायचं. हळद पिवळी राहते, राहते, आणि ज्या क्षणी ॲसिड संपतं त्या क्षणी लालसर होते आणि तशीच राहते, कुंकू करताना हळदीला चुना लागला की होते तशी. किती मिली निवळी लागली ते लिहून ठेवायचं. आधी लेबलवर चार टक्के लिहिलेल्या दुकानी व्हिनेगरवर करायचं, मग त्याच निवळीनं घरच्यावर. माझ्याकडे दुकानीला १६ मिली लागली आणि घरच्या शिरक्याला ६. चार गुणिले सहा भागिले सोळा, दीड टक्का. दीड टक्क्याचा शिरका रसात घालून मी टिकायची अपेक्षा करत होते. तुमची निवळी वेगळी असेल, मिलीचे आकडे वेगळे येतील, पण दोन्हींची तुलना बरोबरच येते. चाचणी केलेलं ओतून द्या, चुना डोळ्यांपासून लांब ठेवा. रंगीत सरबतावर ही चाचणी नीट दिसत नाही, स्ट्रॉबेरीचा रंग स्वतःच चुन्यानं बदलतो, म्हणून ती नुसत्या व्हिनेगरवरच करा. त्या शिरक्याचा आता मी कोशिंबिरीला आणि कांद्याला वापर करते, तिथे तो अप्रतिम लागतो.

वर साय आली, टाकायचं की ठेवायचं

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पांढरी, पातळ, सुरकुत्या पडलेली, पावडर शिंपडल्यासारखी साय म्हणजे रानटी यीस्ट, घातक नसते पण ॲसिड कमी पडलंय याची ती खूण आहे, आणि ती काढून टाकली तरी परत येते, चवही मचूळ होते. मी असलं ठेवत नाही. जाडसर, गुळगुळीत, जेलीसारखी चकती असेल तर ती व्हिनेगरची आई, व्हिनेगर करणाऱ्या जंतूंनीच बनवलेली, ती काढून गाळून घेतलं की झालं. आणि केसाळ काहीही, हिरवं, काळं, निळसर, कापसासारखं, एक ठिपका जरी असला तरी सगळी बाटली टाका, वरचं काढून खालचं वापरू नका, बुरशी दिसते तेवढीच नसते.

नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत असेल तर आत थोडी दारू तयार झालीय आणि तिचा ॲसिडशी संयोग होऊन तो वास आलाय. असलं सरबत लहानांना देऊ नका. फसफसलेल्या सरबताचं काय करायचं, तर मी एकदा बरणीचं तोंड फडक्यानं बांधून दोन महिने तसंच ठेवलं, त्याचा चांगला स्ट्रॉबेरीचा शिरका झाला. पण चिलटं फार जमतात, फडकं अगदी घट्ट विणीचं लागतं, विरळ फडक्यातून ती आत जातात.

साखर कमी पाहिजे असेल तर

आमच्या घरात सासऱ्यांना शुगर आहे, त्यामुळे हे माझ्यासाठी नुसतं आवडीचं नाही. सरबतात साखर कमी करायच्या नादातच मी तीन वर्षं ठेच खाल्ली. आता वेगळी पद्धत करते. साखर अजिबात घालत नाही. अर्धा किलो फळ ठेचून एक लिटर पाच टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये, पाणी न घालता, आठवडाभर फ्रीजमध्ये मुरवते आणि गाळते. फळाचं साडेचारशे मिली पाणी धरलं तरी ॲसिड ३.४ टक्क्यांच्या आसपास राहतं, त्यामुळे ते सगळ्यात छान टिकतं. प्यायला देताना ज्याला साखर हवी त्याच्या ग्लासात साखर, सासऱ्यांच्या ग्लासात नुसतं चिमूटभर सैंधव आणि जिरेपूड. हे जास्त कडक असतं, ग्लासाला एक चमचाच घालायचा. आणि हे नुसतं कधी प्यायचं नाही, दाताच्या एनॅमलला चांगलं नाही, ज्यांना ॲसिडिटी किंवा अल्सरचा त्रास आहे किंवा ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

गुळाबद्दल बऱ्याच जणी विचारतात, आपल्या भागात गूळ चांगला मिळतो, गुऱ्हाळावरून ताजा आणता येतो, मग साखर कशाला. मी करून बघितलं, दोनदा. गूळ ओलसर असतो, काकवी तर पातळच, शिवाय रस साफ करायला गुऱ्हाळात चुना वापरतात तो काही अंशी ॲसिड खाऊन टाकतो. आणि स्ट्रॉबेरीचा रंग गुळात मातकट होतो. गुळाची चव हवी असेल तर ती ग्लासात घाला, बाटलीत नको.

द्राक्षांचं सांगते, सांगलीत राहून द्राक्ष सोडून कसं चालेल. तासगावकडची काळी शरद सीडलेस सगळ्यात छान उतरते, गडद जांभळा रंग येतो. पण द्राक्षात साखर जास्त आणि सालीवर यीस्टही भरपूर, म्हणून ते स्ट्रॉबेरीपेक्षा लवकर फसफसतं. ठेचून पाच मिनिटं मंद गरम करायचं, वाफा यायला लागल्या की बंद, गार करून मग साखर-व्हिनेगर. बेदाण्याचंही होतं, पण बेदाणे करताना द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून डिपिंग ऑईल नावाच्या तेलाच्या पाण्यात बुडवून काढतात, ते गरम पाण्यात दोनदा धुतल्याशिवाय वापरले तर सरबतावर तेलाचे बारीक डोळे तरंगतात. मला आधी वाटलं हीसुद्धा सायच, चांगलं सरबत ओतून दिलं होतं मी.

कैरी आणि कोकमाला मात्र व्हिनेगर घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना स्वतःचं आंबट इतकं सुंदर आहे की वरून व्हिनेगर घातलं की चव भांडते. पन्हं ते पन्हंच.

ज्यांच्याकडे फ्रीजमध्ये जागा नाही, किंवा लाईट सारखी जाते, किंवा पुण्या-मुंबईला पोरांना एसटीनं पाठवायचंय, त्यांनी गाळलेलं सरबत स्टीलच्या पातेल्यात ८० ते ८५ अंशांपर्यंत गरम करावं, उकळी येऊ द्यायची नाही, कडेला बारीक बुडबुडे आणि भरपूर वाफ एवढंच, आणि गरमच गरम बाटलीत गळ्यापर्यंत भरून झाकण लावावं. यीस्ट मरतं. खिडकी उघडी ठेवा, व्हिनेगरच्या वाफा डोळ्याला झोंबतात. वास थोडा जॅमकडे झुकतो आणि रंगही जरा उतरतो, म्हणून घरच्यासाठी मी तापवत नाही, फ्रीजमध्येच ठेवते. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यातलं काही वापरू नका, अगदी कल्हई केलेलंही नको, ॲसिडमध्ये धातू उतरतो. पत्र्याच्या झाकणालाही आतून गंज चढतो, प्लॅस्टिकचं झाकण घ्या नाहीतर मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवा. बाटली उजेडात ठेवली की स्ट्रॉबेरीचा लाल रंग महिन्याभरात विटकरी होतो, ते बिघडणं नाही, पण दिसायला वाईट, म्हणून फ्रीजमध्ये मागच्या बाजूला.

या वर्षीचं सांगते. २० मार्चला घातलं, काट्यावर तोलून, किलोला किलो, व्हिनेगर पाच टक्क्यांचं, त्यामुळे हिशोबानं ॲसिड दोनच्या वर. बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख आणि टक्के लिहिलेत. आज नववा आठवडा चालू आहे, रोज सकाळी गळ्याशी बुडबुडे आहेत का बघते, एकही नाही. पहिल्या आठवड्यात व्हिनेगर जरा टोचत होतं, तिसऱ्या आठवड्यानंतर एकदम मऊ झालं, काल दुपारी सासूबाईंनी स्वतःहून अर्धा ग्लास मागून घेतला.

आता जूनमध्ये जांभळं येतील. त्यात पाणी स्ट्रॉबेरीपेक्षा कमी आणि गर बीला घट्ट धरून असतो, त्यामुळे रस किती सुटतो ते आधी अर्ध्या किलोवर मोजून बघणार आहे आणि त्यावरून व्हिनेगर ठरवणार.